उत्तर ध्रुवीय प्रकाश : पाहावा कसा आणि शिकवावा कसा

शीत कटिबंधाचा पाठ निघाला की बर्फ, रेनडिअर आणि लांबच लांब रात्री ह्यांच्याबरोबर ध्रुवीय प्रकाशाचाही उल्लेख बहुधा येतो, आणि तो एका वाक्यात आटोपतो. चित्रात आकाशभर गर्द हिरवा पडदा लोंबत असतो. मुले थक्क होतात. पाठ पुढे सरकतो. एखाद्या चौकस मुलाने ‘हा उजेड कशाचा?’ असे विचारलेच, तर ‘बर्फावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश’ असे काहीतरी सांगून वेळ निभावून नेण्याचा मोह होतो. हे उत्तर साफ चूक आहे. चित्र चूक नाही, पण ते अर्धेच खरे आहे. म्हणून ह्या विषयाचा पाठ चित्रापासून सुरू न करता, उघड्या आकाशाखाली रात्र काढणाऱ्या माणसास प्रत्यक्ष काय दिसते तेथून सुरू करावा, हे अधिक बरे.

ह्यासाठी स्वीडनच्या अगदी उत्तरेकडील आबिस्को हे ठिकाण घेऊ. ते उत्तर ध्रुववृत्ताच्याही उत्तरेस सुमारे २०० किलोमीटरांवर, टोर्नेट्रेस्क नावाच्या विस्तीर्ण सरोवराच्या दक्षिण काठी आहे. किरूना येथील लोहखनिज नॉर्वेतील नार्विक बंदरास नेणारा लोहमार्ग येथूनच जातो. १९०९ साली येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. ‘कुंग्सलेडेन’ म्हणजे राजमार्ग ह्या नावाची सुमारे ४४० किलोमीटरांची प्रसिद्ध पायवाट येथून निघते, आणि तिच्यावरून पाठीवर तंबू घेऊन चालणारे पदयात्री दरवर्षी येतात. ध्रुवीय प्रकाश पाहणाऱ्यांचा ओढा आबिस्कोकडे असण्याचे कारण मात्र आपल्या मुलांना चटकन समजेल असे आहे. समुद्रावरून येणारे ढग पश्चिमेच्या पर्वतांवर रिते होतात आणि आबिस्को पर्जन्यछायेत राहते. वर्षाचा पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर. महाबळेश्वरी धुवाधार आणि माणदेश कोरडा, तोच हा प्रकार. निरभ्र आकाश म्हणजे तारे, आणि तारे दिसतील तरच ध्रुवीय प्रकाश दिसणार.

ऋतूचीही गोष्ट आहे. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य मावळतच नाही. प्रकाश त्या दिवसांतही वर चाललेला असतो, पण उजेडात तो दिसणार कसा? ऐन हिवाळ्यात अंधार भरपूर, परंतु तंबूत राहणे अननुभवी माणसाचे काम नव्हे. ह्या दोहोंच्या मधला सप्टेंबर महिना त्यातल्या त्यात सोयीचा. रात्र पुरेशी काळोखी होते, सरोवर गोठलेले नसते आणि थंडी पाणी गोठण्याच्या आगेमागे असते. शिवाय विषुवदिनांच्या सुमारास चुंबकीय वादळे अधिक होतात, असा दीर्घ काळच्या नोंदींचा निष्कर्ष आहे.

अशा मुक्कामाची तयारी म्हणजे मुख्यतः थंडीची तयारी. उद्यानात तंबू ठरवून दिलेल्या जागीच ठोकावा लागतो. निरीक्षणास उभे राहण्याची जागा उत्तरेकडे मोकळी असावी. अंगाशी सुती कपडा न घालता लोकर घालावी, कारण चढणीवर आलेल्या घामाने सुती कपडा भिजतो आणि रात्री तोच अंग गारठवतो. ताटकळत उभे राहणाऱ्याचे प्रथम पाय गारठतात. म्हणून पायांखाली चटईचा तुकडा घ्यावा. एक गोष्ट मात्र कितीही थंडी पडली तरी करावयाची नाही : बंद तंबूत स्टोव्ह पेटवावयाचा नाही. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू डोळ्यांस दिसत नाही, नाकास कळत नाही आणि झोपलेला माणूस झोपेतच दगावतो. हे वर्गात अवश्य सांगावे. आपल्याकडे हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्यात हाच धोका असतो.

आता रात्र. जेवण आटोपून दिवे मालवल्यावर डोळे काळोखास सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. एकाने जरी विजेरीचा पांढरा झोत टाकला, तरी सर्वांची ती मेहनत वाया जाते. म्हणून जाणते लोक विजेरीवर तांबडा कागद लावतात. मग उत्तर क्षितिजावर एखादा फिकट, दुधी पट्टा दिसू लागतो. नवखा माणूस त्यास ढग समजून झोपावयास जातो! ओळखण्याची खूण सोपी आहे. ढग ताऱ्यांस झाकतो. ह्या पट्ट्यातून मात्र तारे आरपार दिसतात.

पट्टा हिरवा का दिसत नाही? मंद उजेडात पाहण्याचे काम डोळ्यांतील ज्या पेशी करतात, त्यांना रंग कळत नाही. चांदण्या रात्री झेंडूचे फूलही राखीच दिसते, हा अनुभव मुलांना घरीच घेता येईल. कॅमेरा काही सेकंद उघडा ठेवला असता तो तेवढा वेळ येणारा सगळा उजेड साठवितो; डोळ्यास ते शक्य नाही. म्हणून छायाचित्रातील गर्द हिरवा रंग खोटा नसला, तरी तो डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. चित्र मनात धरून गेलेला प्रवासी ह्यामुळेच पुष्कळदा निराश होतो, आणि समोर चाललेले सोडून हातातील फोनच्या पडद्यावर पाहत बसतो.

परंतु तो फिकट चाप टिकून राहिला तर वाट पाहण्यात अर्थ असतो. कधी तासाभराने, कधी दोन तासांनी त्याची खालची कड एकाएकी उजळते; आता हिरवा रंग उघड्या डोळ्यांसही स्पष्ट दिसतो. चापाला चुण्या पडतात, त्यातून उभे किरण फुटतात आणि पडदा वाऱ्याने हलावा तसा तो पूर्वेकडून पश्चिमेकडे लहरत जातो. जोर फार असला तर खालच्या काठास गुलाबी किनार येते. प्रकाश डोक्यावर आला म्हणजे सर्व किरण एका बिंदूतून निघाल्यासारखे दिसतात. ह्यास मुकुट म्हणतात. वास्तविक ते किरण समांतरच असतात. लांबवर गेलेले रेल्वेचे रूळ जसे जुळल्यासारखे वाटतात, तसाच हा दृष्टिभ्रम. हा बहर पुष्कळदा दहा-पंधरा मिनिटांतच ओसरतो. मागे उजेडाचे तुकडे मंदपणे पेटत-विझत राहतात आणि आकाश पुन्हा काळे होते. काही रात्री काहीच घडत नाही. तशा रात्रीचीही वेळ, दिशा आणि आकाशस्थिती वहीत टिपणारा निरीक्षकच खरा.

कारणमीमांसा सांगताना घाई करू नये. सूर्यापासून विद्युत्कणांचा एक विरळ प्रवाह, ज्यास सौरवात म्हणतात, सतत वाहत असतो. त्याचा वेग सेकंदास सुमारे ४०० किलोमीटर आणि सूर्याचे अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर. म्हणजे त्यास येथवर येण्यास सुमारे चार दिवस लागतात. हे कण सरळ ध्रुवावर येऊन आदळतात, असे जे सांगण्यात येते ते बरोबर नाही. नदीतील खडकास वळसा घालून पाणी जाते आणि खडकामागे लांब शेपटी तयार होते, तसे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे होते. रात्रीच्या बाजूस पसरलेली ही शेपटी ताणली जाते आणि ताण असह्य झाला की रबरासारखी मागे झेपावते. त्या वेळी इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांच्या वाटेने वेगाने खाली येतात आणि वरच्या विरळ हवेतील कणांवर आदळतात. धडकेने उत्तेजित झालेले कण ती शक्ती प्रकाशरूपाने टाकून देतात.

रंगांचा खुलासा त्याहून मनोरंजक आहे. हिरवा आणि तांबडा हे दोन्ही रंग प्राणवायूचेच. हिरवा प्रकाश टाकण्यास त्याच्या अणूला सेकंदाहून कमी वेळ पुरतो. तांबडा टाकण्यास जवळजवळ दोन मिनिटे लागतात. आठवडी बाजाराच्या गर्दीत माणसास दोन मिनिटे स्वस्थ उभे राहता येते काय? खालच्या दाट हवेत अणूचीही तीच गत होते; तांबडा उजेड टाकण्यापूर्वीच दुसरा कण त्यास धक्का देऊन ती शक्ती काढून घेतो. म्हणून तांबडा रंग २०० किलोमीटरांच्या वर, हिरवा साधारण १०० ते १५० किलोमीटरांवर, आणि गुलाबी किनार त्याहून खाली, नत्रवायूची. हिरव्या प्रकाशाचा उगम प्राणवायूत आहे हे १९२५ साली टोरोंटो येथे मॅक्‌लेनन आणि श्रम ह्यांनी सिद्ध केले.

एवढी उंची मोजली कोणी? नॉर्वेचे गणिती कार्ल स्टॉर्मर ह्यांनी काही किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणांहून, दूरध्वनीने वेळ जुळवून, एकाच क्षणी छायाचित्रे घेतली आणि मागील ताऱ्यांच्या संदर्भात प्रकाश किती सरकलेला दिसतो त्यावरून उंची काढली. मुलांनी हाताचे बोट समोर धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटून पाहावे. बोट मागच्या फळ्यावर सरकते. सगळी युक्ती ह्यात आली. प्रकाशाची खालची कड सुमारे १०० किलोमीटरांवर निघाली. मुंबईहून पुणे सरळ रेषेत जेवढे दूर, त्याहून थोडे कमी अंतर उभे धरावे.

कागदाखाली पट्टीचुंबक ठेवून वर लोहकीस टाकण्याचा प्रयोग बहुतेक शाळांत होतो. तो येथेही करावा, परंतु एक सावधगिरी बाळगावी. रेषा टोकाशी एकवटतात हे पाहून ‘जितके ध्रुवाजवळ तितका प्रकाश अधिक’ असे मुले ठरवून टाकतात. वस्तुतः हा प्रकाश चुंबकीय ध्रुवाभोवती कड्याच्या आकाराने असतो. आबिस्को त्या कड्याखाली येते. भौगोलिक ध्रुव बहुधा कड्याच्या आत राहतो.

ह्या प्रकाशाचा चुंबकाशी संबंध आहे हे मुळात कळले ते होकायंत्रामुळे. १७४१ साली स्वीडनमधील ऊप्साला येथे ओलोफ हिओर्टर आणि तापमापकामुळे आपल्या परिचयाचे आंडर्स सेल्सिअस ह्यांना, आकाशात प्रकाश खेळत असता चुंबकसूची अस्वस्थ होते, असे आढळले. महाराष्ट्राचा संबंध येतो तो येथेच. १८५९ च्या सप्टेंबरात आलेले प्रचंड चुंबकीय वादळ सूर्यापासून येथवर अवघ्या सतरा-अठरा तासांत पोहोचले, आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील उपकरणांनी ते टिपले. ती नोंद आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर उपकरणांस व्यत्यय नको म्हणून १९०४ साली अलिबाग येथे चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. रायगड जिल्ह्यातील शाळांनी सहलीच्या वेळी तिची माहिती मुलांना जरूर द्यावी. १८७२ च्या फेब्रुवारीतील वादळात तर प्रकाश खुद्द मुंबईतून दिसल्याचे तेथील वृत्तपत्राने छापले होते. अलीकडे १० व ११ मे २०२४ च्या दरम्यानच्या रात्री लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर तांबडी आभा टिपली. ती तांबडीच का, हे वरच्या विवेचनावरून मोठ्या मुलांनी स्वतः सांगावे : पृथ्वीच्या गोलाईमुळे दूरच्या प्रकाशाचा फक्त माथाच दिसतो.

उत्तरेकडील सामी लोक ह्या प्रकाशास चिडवू नये, त्याकडे पाहून शीळ घालू नये, असे मानीत आले. फिन्लंडमध्ये त्यास ‘कोल्ह्याची आग’ अशा अर्थाचे नाव आहे. ह्या समजुती हसण्यावारी नेऊ नयेत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते आकाश पाहिले त्यांची ती भाषा आहे.

शेवटी मुले हटकून विचारतील : त्याचा आवाज होतो काय? बहुतेकांना काहीच ऐकू येत नाही. काहींनी मात्र बारीक तडतड ऐकल्याचे पूर्वीपासून सांगितले आहे. फिन्लंडमधील आल्टो विद्यापीठाचे उन्टो लाइने ह्यांनी असे आवाज ध्वनिमुद्रित करून ते जमिनीपासून सुमारे ७० मीटरांवर, शांत थंड रात्री हवेचा उबदार थर जेथे तयार होतो तेथे, उत्पन्न होत असावेत, असे मत मांडले आहे. त्यावर अद्याप चर्चा चालू आहे. प्रकाशाच्या जागेवरून तर आवाज येणे शक्य नाही. तेथील हवा त्यास फारच विरळ. पण क्षणभर येतो असे धरून वरच्या वर्गात गणित घालावे : ध्वनीचा वेग सेकंदास ३४० मीटर, अंतर १०० किलोमीटर, तर वेळ किती? उत्तर पाच मिनिटांस थोडे कमी येते. आणि ७० मीटरांसाठी तेच गणित केल्यास सेकंदाचा सुमारे पाचवा भाग.