संस्था नंतर, आधी हंडे मोज

अगं, किती घाई! काल फोनवर एका दमात लोगो, लेटरहेड, उद्घाटनाला कोण, फिल्टरच्या मशीनचं कोटेशन, सगळं सांगून मोकळी झालीस आणि वर म्हणालीस, "ताई, मला झोप येत नाही." कशी येईल? ताडकळसच्या आसपासच्या वस्त्यांना प्यायला नीट पाणी मिळावं म्हणून संस्था काढायचीय ना, काढ की. तुला जमणार, याबद्दल मला शंका नाही. पण खरं सांगू का, मशीन विकत आणणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. नारळ फोडायला सगळा गाव येतो. सहा महिन्यांनी लाइटबिल भरायला कोण येतं, ते बघ.

म्हणून आधी एक वही घे आणि वस्तीवर जा. जलजीवन मिशनचा हिशेब आहे माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांचं घर म्हणजे २७५ लिटर. १५ लिटरचा हंडा धरलास तर अठरा हंडे झाले. कोणाच्या घरी अठरा येतात आणि कोण सहावरच भागवतं, ते बायकांना विचार. पुरुषांना विचारू नकोस, ते "येतं की पाणी" म्हणून मोकळे होतात, कारण भरायला ते जातच नाहीत. आणि ज्यांचं नाव नळाच्या यादीतच नाही, तांड्यावरची, वीटभट्टीवरची, ती घरं वहीच्या पहिल्या पानावर यायला हवीत. नळ कोणाच्या दारात बसतो यावर दुसऱ्या आळीची बाई तिथे येईल की नाही हे ठरतं, हे तुला मी वेगळं सांगायला नको.

मग पाणी तपासून घे. आपल्याकडे काळ्या मातीखाली बेसाल्टचा कातळ. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात. त्यामुळे एका बोअरला पाणी लागतं आणि शेजारच्या बोअरमधून नुसता फुफाटा उडतो. पाण्याचा गुणसुद्धा तसाच बोअरगणिक बदलतो. फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ४५ च्या वर निघालं, तर मशीनचा विचार कर. ही दोन्ही उकळून जात नाहीत बरं का, उलट पाणी आटेल तसं त्यांचं प्रमाण वाढतं. पण प्रश्न नुसत्या जंतूंचा असेल तर टाकी धुणं, गळका व्हॉल्व्ह बदलणं आणि रोजची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, एवढ्यावर बरंच भागतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो, त्याच्याशी गोड बोल. पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटी टेस्ट करशील तेव्हा टाकीजवळचा नळ घेऊ नकोस, शेवटच्या घरचा घे. नळीत पाणी धरायचं, वर औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन तिथवर पोचलं. रंग बदललाच नाही, तर पावडर अजून पोत्यातच आहे असं समज. आणि पावडर हाताळताना जुनी साडी नेस गं बाई. मी हौसेने नवी निळी नेसून गेले होते, ती आता आमची फरशी पुसते.

कागदपत्रांचा एवढा धसका घेऊ नकोस. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवायला किमान सात जण लागतात, आणि १९५० च्या कायद्याखालची विश्वस्त संस्थेची नोंदणीही धर्मादाय कार्यालयातच होते. फक्त सातांत नवरा, दीर, नणंद, भाचा अशी घरचीच पंगत बसवू नकोस. एक हिशेबाचा पक्का माणूस घे आणि तांड्यावरची एक बाई घे, नुसती सहीला नव्हे, बोलायला. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो राहिला की पुढे फार नडतं. बिलं मात्र त्याच दिवशी फाइलला लाव. तुझी पर्स मला ठाऊक आहे.

आणि एकटं वाटलं तर विलासराव साळुंखे आठव. पुण्याचे इंजिनिअर, कारखानदार माणूस. १९७२ चा दुष्काळ पाहून पुरंदरमधल्या नायगावला जाऊन राहिले आणि पाणी पंचायत उभी केली. पाणी अडवणारे पुष्कळ असतात, साळुंख्यांचं मोठेपण वाटणीत होतं. किती एकर आहेत हे बघायचं नाही, घरात माणसं किती ते बघायचं. भूमिहीनालाही हक्क, उसाला पाणी नाही, आणि खर्चात पाणी घेणाऱ्याचाही वाटा. ते शेतीचं पाणी होतं, तुझं पिण्याचं आहे, मान्य. तरी घरटी महिन्याला किती जमेल आणि ज्याला जमणार नाही त्याचं काय, हे मशीन येण्याआधी सगळ्यांसमोर ठरव. अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया आणि शैलाताईंनी १९८२ साली सुरू केलेली 'मानवलोक' ही संस्था आहे. ती काही परक्या मुलखात नाही, एकदा जाऊन ये.

सोमवारी ग्रामपंचायतीत जा आणि पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत कोण कोण आहे ते विचार. निम्म्या बायका असायला हव्यात. कागदावर असतीलही, आपण समितीत आहोत हे त्यांतल्या कितीजणींना ठाऊक आहे ते बघ. त्यांना घरी चहाला बोलाव, लोगोचं नंतर बघू. काय झालं ते मला रात्री फोनवर सांग. सकाळी नको गं, सकाळी आमच्याकडे नळ येतो.