मोजून विणलेला बैल

पोळा आला की खानदेशात बैलाचा मान मोठा. त्या दिवशी त्याला औत नाही, गाडी नाही. त्याला धुतात, त्याची शिंगे रंगवतात, गळ्यात घुंगुरमाळ घालतात, पाठीवर झूल टाकतात. घरात पुरण शिजते. ज्याच्या दारी बैल नाही तो मातीचा बैल आणून पाटावर मांडतो आणि पुजतो. आता ट्रॅक्टर आले. पुष्कळ घरची दावण रिकामी झाली. पण पोळा राहिला आणि मातीचा बैलही राहिला.

बायांनो, या धड्यात आपण दोऱ्याचा बैल विणणार आहोत. पुरा बैल नाही, नुसता मुखडा. क्रोशाच्या सुईने विणायचा आणि मागे लोहचुंबक शिवायचा. मग तो फ्रीजच्या दारावर चिकटून बसतो.

कोणी म्हणेल, हे काय कामाचे? पण फ्रीजचे दार म्हणजे आजच्या घराची पाटीच झाली आहे. दुधाचा हिशेब, लाइटबिल भरायची तारीख, बाळाला लस टोचायचा दिवस, पोराच्या परीक्षेचे वेळापत्रक, असे कागद त्या दारावर लागतात. ते धरून ठेवायला काहीतरी हवेच. मग आपल्याच हातचा बैल का नको? जो कागद डोळ्यांसमोर राहतो, तो वाचला जातो.

काय काय लागते

पांढरा सुती दोरा, करड्या रंगाचा थोडा दोरा, काळा आणि लाल दोरा थोडा थोडा. अडीच नंबरची क्रोशाची सुई. शिवायची मोठ्या भोकाची सुई, कात्री, जुन्या सुती लुगड्याचा पातळ तुकडा. आणि एक काळा, चपटा, गोल चुंबक, सुमारे २ सेंटिमीटर रुंदीचा.

दुकानात गेल्यावर दोऱ्याच्या लडीवरची चिठ्ठी वाचावी. ती फाडून टाकू नये. तिच्यावर दोरा सुती आहे की दुसरा, वजन किती ग्रॅम, रंगाचा नंबर कोणता, हे छापलेले असते. दोरा संपला तर तोच नंबर पुन्हा मागता येतो. नुसते "पांढरा द्या" म्हटले तर दहा प्रकारचे पांढरे समोर येतात.

मुका खांब कसा घालावा

या बैलाला एकच टाका लागतो. त्याला मुका खांब म्हणतात. सुई घरात घालावी. दोरा ओढून बाहेर काढावा. सुईवर दोन फासे होतात. पुन्हा दोरा घ्यावा आणि दोन्ही फाशांतून एकदम बाहेर काढावा. झाला एक मुका खांब.

मुखडा, पांढऱ्या दोऱ्याने

आधी २ साखळ्या घालाव्या. सुईपासून दुसऱ्या साखळीत पुढच्या फेरीला सुरुवात करावी.

पहिली फेरी : त्या एकाच साखळीत ६ मुके खांब. एकूण ६.
दुसरी फेरी : प्रत्येक घरात २. एकूण १२.
तिसरी फेरी : एका घरात १, पुढच्या घरात २. असे सहा वेळा. एकूण १८.
चौथी फेरी : दोन घरांत एकेक, तिसऱ्या घरात २. असे सहा वेळा. एकूण २४.
पाचवी फेरी : तीन घरांत एकेक, चौथ्या घरात २. असे सहा वेळा. एकूण ३०.

फेरी संपली म्हणून जोडायची नाही. गोल गोल पुढे जायचे. म्हणूनच फेरी कुठे सुरू झाली ते विसरते. त्यासाठी पहिल्या खांबात लाल दोऱ्याचा तुकडा अडकवावा. एक फेरी झाली की मोजावे, आकडा जुळला तर कागदावर खूण करावी, आणि लाल तुकडा वर सरकवावा.

आकड्यांकडे नीट पाहा. ६, १२, १८, २४, ३०. हा सहाचा पाढा आहे. दर फेरीला सहा घरे वाढतात म्हणून चकती सपाट राहते. कमी वाढली तर वाटीसारखी आत वळते. जास्त वाढली तर कडेला झालर पडते. काम बिघडले कुठे, ते पाढा सांगतो. उसवायचे ते तेवढीच फेरी उसवावी.

मुस्कट, शिंगे, कान

मुस्कट करड्या दोऱ्याने करावे. वरच्यासारख्याच पहिल्या तीन फेऱ्या, ६, १२, १८. तिथे दोरा तोडावा. ही लहान चकती मुखड्याच्या खालच्या अर्ध्या भागावर शिवावी. तिच्यावर काळ्या दोऱ्याचे दोन टाके घातले की नाकपुड्या झाल्या.

शिंगासाठी ८ साखळ्या घालाव्या. एक साखळी सोडून परत येताना ७ मुके खांब घालावे. अशी दोन शिंगे. शिवताना उरलेला दोरा कडेने ओवून जरा ओढला की शिंग बाक घेते. टोकाला लाल दोरा गुंडाळावा. हिंगूळ लावल्यासारखे दिसते.

कानासाठी ५ साखळ्या, आणि परत येताना ४ मुके खांब. असे दोन कान. ते शिंगांच्या खाली, बाजूला शिवावे. डोळे काळ्या दोऱ्यानेच भरावे. मणी किंवा बटण लावू नये. कपाळावर लाल गोंडा बांधावा. बैल सजला.

चुंबक शिवताना

आता हा भाग दोनदा वाचावा.

चुंबक नुसता चिकटवू नये. गोंद पुढे-मागे सुटतो आणि चुंबक खाली पडतो. खाली रांगते पोर असते. त्याच्या हाती जे येते ते तोंडात जाते.

म्हणून लुगड्याच्या तुकड्याची लहान थैली करावी. चुंबक आत घालून चारी बाजू शिवाव्या. मग ती थैली मुखड्याच्या पाठीवर दुहेरी दोऱ्याने शिवावी. दाराकडे कापडाचा एकच पातळ पदर असावा. जाड कापड मध्ये आले तर चुंबकाची ओढ कमी होते. काम झाल्यावर थैली बोटांनी जोराने ओढून पाहावी. सुटली तर पुन्हा शिवावी.

बाजारात लहान, चकचकीत, फार जोरदार चुंबकही मिळतात. ते या कामाला घेऊ नयेत. असे दोन चुंबक मुलाच्या पोटात गेले तर ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वळणांतून एकमेकांना ओढतात. मधले आतडे चिमटते आणि त्याला भोक पडू शकते. मुलाने कोणताही चुंबक गिळला असा नुसता संशय आला, तरी लगेच दवाखान्यात न्यावे. केळे चारून वाट पाहत बसू नये.

बैल तयार झाला की दारावर एक कागद धरून लावून पाहावा. काही फ्रीजच्या दाराला काच असते, काहींचे स्टील चुंबक धरत नाही. तिथे तो लोखंडी कपाटाला लावावा.

लिहिले ते राहिले

जुन्या बाया म्हणतात, "मोजाचं काय त्यात? हाताले समजते वं माय!" खरे आहे. त्यांच्या हाताला समजते. पण हाताचे ज्ञान त्या हाताबरोबरच जाते. कागदावर उतरवले तर ते सुनेला, नातीला, दूर गावच्या बहिणीलाही पोचते.

आपल्या जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी घ्या. जन्म १८८० चा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात, शेतात काम करता करता त्या गाणी रचत. सुगरण पक्षी चोचीने खोपा कसा विणतो, तेही त्यांनी गाण्यात आणले. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती गाणी लिहून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या आणि १९५२ साली गाण्यांचे पुस्तक निघाले. लिहून ठेवली नसती तर ती गाणी आपल्यापर्यंत आली असती का? आपला नमुना म्हणजे काही ते गाणे नव्हे. पण लिहून ठेवण्याचा नियम त्यालाही लागू आहे.

मजुरी मोजावी

नमुन्याबरोबर आणखी एक गोष्ट लिहावी. कामाला बसलो केव्हा आणि उठलो केव्हा.

कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला हे सांगायला नको. दिवसभर वेचलेला कापूस संध्याकाळी बांधावर मोजला जातो. किलोप्रमाणे मजुरी मिळते. त्या वेळी ती काट्यावर डोळा ठेवून उभी असते. पण तीच बाई रात्री दिव्याखाली दीड तास विणते आणि म्हणते, "हे काय, रिकाम्या वेळचे काम!" इथे काटा नाही, म्हणून डोळाही नाही.

नाशिककडे उगम पावणारी आपली गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. त्या भागात नरसापूर गाव आहे. तिथल्या बाया पिढ्यान् पिढ्या क्रोशाची लेस विणतात. ती परदेशी जाते. मारिया मीस या जर्मन विदुषींनी त्यांच्यात जाऊन अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९८२ साली निघाले. बाया घरकाम सांभाळून रोज सहा-आठ तास विणत होत्या. तरी त्यांना कामगार कोणी म्हणत नसे. घरी बसलेल्या बाया फावल्या वेळात विणतात, असेच धरले जाई. म्हणून मजुरी फार थोडी. माल मात्र पैसे मिळवून देत होता, दुसऱ्यांना.

आता आपला हिशेब करू. हे आकडे समजुतीसाठी आहेत. आपल्या गावचे भाव तुम्ही घाला.

पांढरा, करडा दोरा : ८ रुपये
लाल, काळा दोरा : २ रुपये
चुंबक : ६ रुपये
कागदी पाकीट : १ रुपया
मालाचा खर्च : १७ रुपये

वेळ लागला दीड तास. समजा गावात निंदणीची रोजी २४० रुपये आणि काम ६ तासांचे. २४० ला ६ ने भागा. तासाला ४० रुपये. दीड तासाचे ६० रुपये. १७ आणि ६० मिळून ७७ रुपये. ही बैलाची खरी किंमत.

दुकानदार म्हणाला, "ताई, ३० रुपये देतो." त्यातून मालाचे १७ गेले. उरले १३. दीड तासाला १३ म्हणजे तासाला ९ रुपयांहूनही कमी. मग काय करायचे? दुकानदाराशी भांडायचे कारण नाही. कागद पुढे ठेवून बोलावे. पटले नाही तर पोळ्याच्या आधीच्या बाजारात स्वतः बसून विकावा. तिघी-चौघींनी मिळून दोरा ठोक भावात आणावा. दहा मुखडे एकदम, मग वीस शिंगे एकदम, असे विणले तर हात बसतो आणि वेळ वाचतो. एवढे करूनही भाव बसत नसेल, तर तो बैल भाचीला द्यावा. भेटीचा हिशेब नसतो. पण विकायचे ते मोजूनच विकावे.

कापसाचा काटा जसा आपण वाचतो, तसा आपल्या हाताच्या कामाचाही वाचू या.

नवे शब्द

फेरी : गोल विणताना एक पुरा वेढा
घर : ज्यात सुई घालतो ती जागा
मुस्कट : जनावराचे नाक-तोंड
रोजी : एका दिवसाची मजुरी

प्रश्न

१. चकती वाटीसारखी वळली तर काय चुकले असेल?
२. चुंबक गोंदाने का चिकटवू नये?
३. मुखडा, मुस्कट, दोन शिंगे आणि दोन कान यांचे मिळून मुके खांब किती?
४. सहाव्या फेरीत एकूण किती खांब होतील? ती फेरी कशी विणाल ते लिहा.
५. आपल्या गावची रोजी आणि कामाचे तास धरून बैलाची किंमत काढा.

(तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर १४८. चौथ्याचे ३६.)

करून पाहा

आपल्याला येणारा एक विणकामाचा किंवा भरतकामाचा नमुना कागदावर लिहा. तो वर्गातल्या दुसरीला द्या. तिला तो नुसता वाचून करता आला, तर तुमचे लिहिणे बरोबर. जिथे ती अडली, तिथे आणखी एक वाक्य घाला.