मल्टिपल स्क्लेरोसिसची औषधे : धोक्याचे माप

मल्टिपल स्क्लेरोसिसचा रुग्ण वैद्याकडे येतो तेव्हा बहुधा त्याचे आधुनिक औषध चालूच असते, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, "वैद्यराज, ते बंद करू का?" उत्तर देण्यापूर्वी नॅटालिझुमॅबचा इतिहास वैद्याने जाणून घ्यावा.

हे औषध रक्तातील पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू देत नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये त्यास मान्यता मिळाली. दोन वर्षांच्या चाचणीत रोगाचे पुनरुद्भव ६८ टक्क्यांनी घटले होते. परंतु अडविल्या जाणाऱ्या याच पेशी मेंदूच्या राखणदारही असतात. निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात सुप्त असणारा जे. सी. विषाणू त्यामुळे काही रुग्णांत प्रबळ झाला व पी. एम. एल. हा घातक मस्तिष्कविकार उद्भवला. फेब्रुवारी २००५ मध्ये औषध मागे घेतले गेले. २००६ मध्ये ते कडक देखरेखीच्या अटीवर परत आले. ते परत मिळावे असा आग्रह अनेक रुग्णांनीच धरला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

प्रारंभी हा धोका हजारी एक असा सांगत. पुढे तीन गोष्टी पाहू लागले : विषाणूची प्रतिपिंडे, दोन वर्षांहून अधिक उपचार, आणि पूर्वी घेतलेली प्रतिकारशक्तिशामक औषधे. प्रतिपिंडे नसल्यास धोका दहा हजारी एकाहूनही कमी. तिन्ही असल्यास हजारी सुमारे अकरा. औषध एकच, पण धोक्यात शंभरपट अंतर! रुग्णपरीक्षेविना औषध नाही, हे आपण शिकलोच आहोत. येथे तिला आकडे लाभले आहेत इतकेच.

आता दुसरे पारडे. नॅटालिझुमॅब थांबविल्यावर काही महिन्यांत रोग पुन्हा उसळू शकतो; फिंगोलिमोडबाबतही तसेच घडते, कधी पूर्वीहून तीव्रतेने. म्हणून बंद करण्याचा निर्णय मज्जाविकारतज्ज्ञाचाच असावा. मात्र वाणी, दृष्टी, स्वभाव अथवा एका अंगाचे बल काही आठवड्यांत क्षीण होत गेले, तर वातप्रकोप समजून बस्ती योजण्यापूर्वी एम. आर. आय. करवून घ्यावा.

इंटरफेरॉन व टेरिफ्लुनोमाइड यकृतास बाधक ठरू शकतात. अशा रुग्णास गुळवेल देताना यकृताच्या तपासण्या पाहाव्यात. गुळवेल घेणाऱ्या मुंबईतील काही रुग्णांच्या यकृतविकाराचे वृत्तान्त २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीविषयी आक्षेप घेतला होता, आणि तो औषधविक्रेत्यांनीही मनावर घ्यावा : सुकी कांडे ओळख पटविल्याविना दुकानात घेऊ नयेत.