हापशी बसवण्याआधी दोरी सोडा

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरच्या विहिरीत अकरा फूट पाणी होतं, आणि पितरांची घागर भरायला मला शेजारच्या घरून पाणी मागून आणावं लागलं. अकरा फूट हा आकडा आधीच सांगते, कारण आमच्याकडे हापशी बसवणारा मिस्तरी अजूनही चारचौघांत म्हणतो, "त्यांच्या विहिरीलाच पाणी नाही." पाणी होतं. मी स्वतः दोरी सोडून मोजलं आहे.

आमचं घर पारोळ्याकडे. वर थोडा मुरूम, खाली सगळा काळा दगड. विहीर पंचेचाळीस फूट. जिजींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गडगडीवरून बादली ओढवेना, मोटार दोनदा जळाली, आणि उन्हाळ्यात वीज आणि नळ या दोघांचाही भरवसा नाही. म्हणून हापशी बसवायचं ठरलं. मिस्तरी ओळखीचा होता. दिवाळीनंतर आला, विहिरीत डोकावला आणि म्हणाला, "ताई, चाळीस फूट पाईप टाकतो. चाळीस फुटांवरचं पाणी वर येईल." हे वाक्य मला अजून पाठ आहे.

विहीर झाकायचा आग्रहही त्याचाच. कचरा पडतो, लेकरं वाकून बघतात, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. पण गडगडी काढली, खांब काढले आणि पाईपापुरतं भोक ठेवून अख्ख्या विहिरीवर स्लॅब टाकला. मी म्हटलं, एक झाकण ठेवा. तर म्हणे, त्याचे पैसे वेगळे, आणि आता आत बघायचं कामच काय? सगळे मिळून चौदा हजार रुपये त्याच दिवशी दिले. पावती घेतली नाही.

पौषापर्यंत पाणी छान आलं. दहा-बारा हापसे मारले की बादली भरायची. फाल्गुनात दांडा जड झाला. तो आला, चामड्याचं वायसर बदललं, पैसे घेतले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग फोनवरच सांगू लागला, "वायसर सुकलं असेल. वरून पाणी ओता आणि हाणा."

आखाजीला दोघी नणंदा लेकरांसह माहेरी आलेल्या. वीज पहाटेच गेली. घागर, पुरण, मांडे, सगळं खोळंबलं. शेजारून आणलेल्या दोन कळशांतली एक मी हापशीत ओतली, कारण मिस्तरीनं तसंच सांगितलं होतं. ती गटागट आत गेली. दांडा खाली दाबला की आतून कोणी ओढून धरल्यासारखा वाटायचा आणि सोडला की झटक्यानं वर उसळायचा. धाकट्या भाच्याच्या हनुवटीला लागला, रक्त आलं. जिजी ओसरीवरून म्हणाल्या, "हिरमा पानी शे ना व माय, मंग येत का नही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर अकरावीत शिकणाऱ्या भाचीनं दिलं. "मामी, ही हापशी पाणी उचलत नाही. पाईपातली हवा काढते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. तो दाब चौतीस फुटांच्या वर पाणी नेऊच शकत नाही, तेही पंपात काडीचा दोष नसला तर." इटलीतल्या पंपवाल्यांना हा अडथळा माहीत होता, गॅलिलिओनं १६३८च्या पुस्तकात तो नोंदवला, आणि त्याचा शिष्य टॉरिसेली यानं १६४३ मध्ये पाऱ्याची नळी वापरून हवेच्या दाबाचा उलगडा केला, हेही तिनंच सांगितलं. घरगुती हापशीत वायसर झिजतं, सांध्यांतून हवा शिरते, म्हणून प्रत्यक्षात बावीस-पंचवीस फूट मिळाले तरी पुष्कळ. पाईप चाळीस फूट असो की शंभर. पाण्याची पातळी ते दट्ट्या, एवढंच अंतर मोजायचं असतं.

दुपारी गवंडी बोलावून स्लॅबला भोक पाडलं. दोरीला दगड बांधून सोडला. पाणी चौतीस फुटांवर. फाल्गुनापासून मी वायसरचे पैसे भरत होते आणि वायसर बिचारं धड होतं.

मिस्तरीला बोलावलं तर चार माणसांत म्हणाला, "तुम्हीच स्वस्तातली मागितली." मी स्वस्त-महाग काही मागितलं नव्हतं, मी पाणी मागितलं होतं. आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या विहिरी दिवाळीला वर आणि वैशाखात तळाशी असतात, हे खान्देशात विहिरींवर पोट भरणाऱ्या माणसाला माहीत नसेल? त्यानं फक्त दिवाळीचं पाणी बघितलं आणि दिवाळीचे पैसे घेतले. त्यानंतर त्यानं माझा फोन उचललेला नाही.

आता ज्यांना हापशी बसवायची आहे त्यांच्यासाठी.

पाणी आखाजी ते मृग या दिवसांत मोजा. सुतळीला दगड बांधा, ओली खूण बघा, तारीख लिहून ठेवा. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणासुद्धा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपण निदान दोनदा मोजावी.

उन्हाळ्यात पाणी वीस फुटांच्या आत राहत असेल तरच वर दट्ट्या असलेली साधी हापशी घ्या. त्याखाली जात असेल तर सिलेंडर पाण्यात बुडवणारी घ्या. गावातल्या बोअरवर असते ती इंडिया मार्क टू त्याच जातीची. सोलापुरात घडलेल्या पंपावरून ती १९७०च्या दशकात तयार झाली. तिचा दट्ट्या खाली पाण्यात असतो, त्यामुळे ती पाणी ओढत बसत नाही, उचलून आणते. दुकानदाराला एकच विचारा: दट्ट्या वर आहे की खाली?

दांड्याची भाषा ओळखा. दांडा हलका चालतो आणि पाणी नाही, तर वायसर किंवा फुटवॉल गेला. दांडा जड होऊन उसळतो, तर पाणी खोल गेलं किंवा पाईप तुंबला. दुसऱ्या वेळी वायसरचे पैसे देऊ नका.

स्लॅबला माणूस वाकू शकेल एवढं, कुलूप लागणारं झाकण ठेवाच. गडगडी मोडीत घालू नका.

बंद विहिरीत कोणाला उतरू देऊ नका. स्लॅबला भोक पाडलं त्या दिवशी गल्लीतला एक पोरगा उत्साहानं उतरायला निघाला होता. मी हात धरून थांबवलं. कंदील खाली सोडला तर वात मिणमिणून विझली. विहीर झाकलेली राहिली की तळाशी हवा खराब होते. आणि कंदील पेटता राहिला तरी धोका टळला असं समजू नका.

हापशीत ओतायचं पाणी पिण्याचंच असावं, कारण तेच परत तोंडात येतं. भोवती ओटा आणि सांडपाण्याला लांब चर हवी. काम झाल्यावर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या. पावती घ्या. ओळखीच्या माणसाकडून तर आधी घ्या.

पैसे तीन भागांत द्या आणि शेवटचा भाग वैशाखात द्या. मिस्तरी कबूल नसेल तर दुसरा बघा. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे तो उन्हाळ्यापर्यंत थांबतो.

आमच्याकडे स्लॅबच्या त्या भोकावर आता झाकण आहे, त्यावर गडगडी आहे, आणि यंदा आखाजीची घागर घरच्या पाण्यानं भरली.