गोडसे भटजींची शिकवण, वैनगंगेकाठी

भंडारा जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या प्रवासाच्या आठवणी मी उतरवून घेतो. या कामात विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक कायम हाताशी असतं.

१. माणूस घराबाहेर का पडला, हे आधी विचारावं. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेला निघाले, ते बंड पाहायला नव्हे. घरात पैशाची ओढाताण होती आणि बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, अशी बातमी आली होती. दक्षिणेच्या आशेने निघालेला हा भिक्षुक बंडाच्या ऐन वणव्यात सापडला. इथेही ‘काशीला काय पाहिलं?’ म्हटलं की देवळांची नावं मिळतात. ‘पैसे कुठून उभे केले?’ म्हटलं की विकलेल्या बैलजोडीची हकीकत निघते आणि सगळं घर बोलू लागतं.

२. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवावं. इंग्रजांनी धर्म बुडवायला ८४ कलमं काढली, ही भटजींनी ऐकलेली वदंता. त्या काळच्या भीतीचा पुरावा म्हणून ती मोलाचीच. पण १८५८च्या एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली, तेव्हा ते स्वतः शहरात होते. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्यांना राणी लक्ष्मीबाई भेटली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर विद्वान ब्राह्मणाला ते काम सांगायला नको म्हणून तिने स्वतःच पाणी काढलं आणि ओंजळीने प्यायली. हरलेली, धुळीने माखलेली राणी. हा प्रसंग वाचताना मला अजून थांबावं लागतं.

३. क्षुल्लक वाटेल ते जरूर विचारावं. पवनीच्या घाटावर एका वृद्ध ढिवराला मी डोंग्याच्या उताराईबद्दल विचारलं. रोख कोण देणार, सुगीला धान मिळायचं, असं तो म्हणाला. मग कोणत्या गावचा माणूस पसाभर जास्त घालायचा, तेही आठवलं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ची. पाणी अडलं तशी काठची गावं उठली, उतारही गेले. हा हिशेब आता अशा माणसांच्याच तोंडी उरलाय.

४. फार थांबू नये. भटजींनी लिहिलं ते प्रवासानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. तेवढी स्मरणशक्ती विरळा.

५. भाषा ‘सुधारू’ नये. वैद्यांनी १९०७ साली पुस्तक छापलं, हे त्यांचे उपकारच. पण छापताना त्यांनी भाषा बदलली, काही मजकूर गाळला. भटजींचं मूळ लेखन वाचकांपुढे यायला १९६६ उजाडलं. ते दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलं. मधली जवळजवळ साठ वर्षं खुद्द भटजींचा आवाज वाचकांपासून दूर होता. म्हणून ढिवराचं ‘पानी चढला का डोंगा बंद’ माझ्या वहीत तसंच आहे आणि छापखान्यातही मी ते तसंच ठेवायला लावतो.