चांद्रयानांतील गणकयंत्र आणि त्याची भाषा

नाम म्हणजे काय व क्रियापद म्हणजे काय, हें लहान वर्गांतील मुलांसहि ठाऊक असतें. परंतु या दोन शब्दजातींच्या आधारानें माणसें चंद्रापर्यंत जाऊन सुखरूप परत आलीं, असें कोणी सांगितलें तर तें कित्येकांस खरें वाटणार नाहीं. तथापि गोष्ट खरी आहे. अमेरिकेच्या अपोलो यानांत जें गणकयंत्र, म्हणजे आजच्या भाषेंत संगणक, बसविलेलें होतें, त्याशीं अंतराळवीर कसे बोलत असत आणि तें यंत्र त्यांस कसें उत्तर देत असे, हें आम्ही या लेखांत विद्यार्थ्यांस समजेल अशा रीतीनें सांगणार आहों.

अमेरिकेचीं पहिलीं माणसें ज्या मर्क्युरी यानांतून अंतराळांत गेलीं, त्यांत गणकयंत्र मुळींच नव्हतें. २० फेब्रुवारी १९६२ रोजीं जॉन ग्लेन यांनीं पृथ्वीभोंवतीं तीन प्रदक्षिणा घातल्या, त्या वेळचें गणित जमिनीवरील यंत्रांनीं केलें. पुढें १९६५ सालापासून जेमिनी यानांतून माणसें जाऊं लागलीं. त्यांत एक लहान गणकयंत्र होतें. चंद्राचा प्रवास मात्र निराळा. चंद्र येथून सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे, आणि यान चंद्राच्या पाठीमागें गेलें म्हणजे पृथ्वीवरून एक शब्दहि तेथें पोहोंचत नाहीं. अशा ठिकाणीं यानाजवळ स्वतःचें गणित असणें अवश्य होतें. तें यंत्र तयार करण्याचें काम १९६१ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेकडे सोंपविण्यांत आलें. चार्ल्स स्टार्क ड्रेपर हे तिचे प्रमुख होते.

हें यंत्र वजनानें सुमारें ३२ किलोग्रॅम, म्हणजे आठ-दहा वर्षांच्या मुलाएवढें होतें. त्याच्या कायमच्या स्मरणांत ३६,८६४ व पुसून पुन्हां लिहितां येईल अशा स्मरणांत केवळ २,०४८ यंत्रशब्द मावत असत. कायमचें स्मरण अक्षरशः विणलेलें होतें. बारीक चुंबकीय कड्यांच्या रांगा असत. तार कड्यांतून गेली तर एक आणि बाजूनें गेली तर शून्य, असा संकेत होता. वॉल्थॅम येथील कारखान्यांत कुशल स्त्रिया हें विणकाम हातांनीं करीत. एक तार चुकली तर एक अंक चुकला, म्हणून प्रत्येक वीण पुन्हां पुन्हां तपासली जाई.

आतां या यंत्राशीं बोलावयाचें कसें? त्याचा कळफलक व त्यावरील अंकपाटी यांस मिळून 'डिस्की' असें म्हणत. मुख्य यानांत दोन व चंद्रावर उतरणाऱ्या यानांत एक, अशा डिस्की होत्या. कळा अवघ्या १९. त्यांत अंकांच्या दहा, अधिक-उण्याच्या दोन, आणि उरलेल्या सातांत दोन महत्त्वाच्या: एक 'क्रियापद' व दुसरी 'नाम'. काय करावयाचें, तें क्रियापदानें सांगावयाचें. कशाविषयीं, तें नामानें. दोन्हींस दोन-दोन अंकांचे क्रमांक दिलेले होते. उदाहरणार्थ, क्रियापद १६ म्हणजे 'दाखवीत राहा' आणि नाम ३६ म्हणजे 'घड्याळाची वेळ'. क्रियापदाची कळ, १, ६, नामाची कळ, ३, ६ आणि शेवटीं 'स्वीकार' ही कळ, एवढें दाबलें कीं पाटीवरील तीन ओळींत तास, मिनिटें व सेकंद दिसूं लागत. १६ च्या जागीं ०६ लिहिलें तर यंत्र तीच वेळ एकदांच दाखवून थांबे. वाक्य दोनच शब्दांचें. पण त्यांतील एका अंकानें अर्थ बदलतो, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें.

हें बोलणें एकेरी नव्हतें. यंत्रास माणसाकडून कांहीं हवें असलें म्हणजे क्रियापद व नाम यांचे अंक लुकलुकूं लागत. क्रियापद ५० चा अर्थ 'कृपया अमुक करा' असा होता. त्याहूनहि मननीय म्हणजे क्रियापद ९९. इंजिन पेटण्यास पांच सेकंद उरले कीं पाटीवर ९९ लुकलुके. म्हणजे यंत्र जणूं विचारी, 'पेटवूं का?' अंतराळवीरानें 'पुढें चला' ही कळ दाबून संमति दिली तर इंजिन पेटे. सारें गणित यंत्रानें केलेलें असे. तरी शेवटचा होकार माणसानें द्यावयाचा, अशी ही योजना होती.

माणूस मात्र चुकतो, आणि यंत्र त्याच्या मनांतला अर्थ जाणत नाहीं. डिसेंबर १९६८ मध्यें अपोलो ८ हें यान चंद्राभोंवतीं फिरून परत येत असतां जेम्स लॉव्हेल हे ताऱ्यांचे वेध घेत होते. त्यांस तारा क्रमांक ०१ सांगावयाचा होता. त्याऐवजीं कार्यक्रम क्रमांक ०१ सांगितला गेला. हा कार्यक्रम उड्डाणापूर्वीं जमिनीवर चालवावयाचा होता! यंत्रानें आज्ञा निमूटपणें पाळली, आणि यान अंतराळांत कोणत्या दिशेस तोंड करून आहे याची त्याच्या स्मरणांतील नोंद पुसली गेली. लॉव्हेल गडबडले नाहींत. त्यांनीं आपल्या पंचांगांत ज्यांस राजन्य व व्याध म्हणतात ते तारे शोधून यानाची दिशा पुन्हां ठरविली. पुढें एप्रिल १९७० मध्यें अपोलो १३ वर संकट ओढवलें, तेव्हां तसेंच काम त्यांस पुन्हां करावें लागलें.

दुसरा प्रसंग २० जुलै १९६९ चा. अपोलो ११ चें यान नील आर्मस्ट्राँग व बझ ऑल्ड्रिन यांस घेऊन चंद्रावर उतरत होतें. रडारनें मोजलेली उंची व यंत्रानें गणितानें काढलेली उंची यांत फरक किती, हें पाहण्यासाठीं ऑल्ड्रिन यांनीं क्रियापद १६ व नाम ६८ दाबलें. थोड्याच वेळांत धोक्याचा दिवा लागला आणि पाटीवर १२०२ हा आंकडा आला. त्याचा अर्थ, 'कामें फार झालीं. सारीं वेळेवर होत नाहींत.' दुसऱ्या एका रडारकडून निरर्थक विद्युत्संकेत येत होते व त्यांची मोजदाद करण्यांत यंत्राचा वेळ जात होता. त्यांत ही नवी मागणी आली. आपण १६ व ६८ विचारतों तेव्हांच हा इशारा येतो, हें ऑल्ड्रिन यांच्या ध्यानांत आलें, आणि तो फरक पाहण्याचें काम ह्यूस्टन येथील मंडळींनीं आपल्याकडे घेतलें.

उतरावें कीं परतावें, याचा निर्णय कांहीं सेकंदांत करावयाचा होता. ह्यूस्टन येथें मार्गदर्शनाचें काम पाहणारे स्टीव्ह बेल्स २६ वर्षांचे व त्यांचे साहाय्यक जॅक गार्मन २४ वर्षांचे होते. उड्डाणापूर्वीं थोडेच दिवस आधीं सरावांत असाच इशारा आला असतां विनाकारण माघार घेतली गेली होती. त्यानंतर गार्मन यांनीं सर्व इशाऱ्यांचे अर्थ हातानें लिहून तक्ता तयार ठेविला होता. तो तक्ता या वेळीं कामास आला, व 'पुढें चला' असा निरोप गेला. यंत्रहि तशाच शहाणपणानें रचलेलें होतें: भार वाढला कीं दुय्यम कामें टाकून द्यावीं आणि यान सांभाळण्याचें काम सोडूं नये. शेवटीं खालीं मोठमोठे धोंडे दिसतांच आर्मस्ट्राँग यांनीं सुकाणूं हातीं घेऊन यान पलीकडे नेलें. त्या वेळींहि इंजिनाचा जोर यंत्रच सांभाळीत होतें. यान टेकलें तेव्हां आपल्या देशांत २१ जुलैच्या रात्रीचा १ वाजून ४७ मिनिटें झालीं होतीं.

या दोन्ही प्रसंगांवरून असें दिसतें कीं, यंत्राशीं बोलणें म्हणजे नुसत्या कळा दाबणें नव्हे. आपण काय सांगितलें, त्याचा अर्थ ऐकणारा काय घेईल, आणि तो या क्षणीं किती भार वाहत आहे, हें जाणून बोलावें लागतें. यंत्र हिशेब करील; पण त्या हिशेबावरून काय करावयाचें व झालेल्या गोष्टीचें उत्तर कोणी द्यावयाचें, हें काम माणसाकडेच राहतें. 'स्वीकार' ही कळ वेगळी ठेवण्याचें कारणहि हेंच. अंक आधीं पाटीवर दिसत. ते वाचून पाहण्यास व चुकले असल्यास पुसण्यास सवड मिळे. मगच आज्ञा यंत्राच्या स्वाधीन होई.

विद्यार्थिमित्रहो, एक अभ्यास घरीं करून पाहा. घरांतील नेहमींच्या दहा कामांसाठीं दहा क्रियापदें व दहा वस्तूंसाठीं दहा नामें निवडा, त्यांस क्रमांक द्या, आणि दिवसभर धाकट्या भावंडास केवळ त्या अंकांनीं कामें सांगा. किती कामें बरोबर झालीं व किती चुकलीं, हें संध्याकाळीं वडील मंडळींसमवेत मोजा. प्रत्येक चुकीच्या वेळीं दोष ऐकणाऱ्याचा होता कीं सांगणाऱ्याचा, हें मात्र प्रामाणिकपणें लिहून ठेवा.