धर्मगुरूंनी राजकारणावर बोलावे काय?



निवडणुका जवळ आल्या की आपल्यात एक वाद हमखास निघतो. कोणी म्हणतात, फादरांनी मिस्सा करावी, राजकारणात पडू नये. कोणी म्हणतात, अन्याय दिसत असताना धर्मगुरूंनी गप्प बसणे बरे नव्हे. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी आपल्याच पुणे शहरातील प्रॉटेस्टंट बंधूंचा इतिहास उपयोगी पडेल.

अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. पुढे संघाचा आश्रम पुण्यात आला. इंग्रज आणि भारतीय सभासद तेथे बरोबरीने राहत, खादी वापरीत, जमिनीवर बसून जेवीत. राज्यकर्ते आणि प्रजा एका पंगतीला बसणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१९२७ साली व्हेरियर एल्विन हे तरुण धर्मगुरू या संघात आले. स्वतः इंग्रज, बिशपांचे चिरंजीव, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले. साबरमतीला गांधीजींची भेट झाली आणि १९३० च्या सत्याग्रहात ते उघडपणे भारताच्या बाजूने उभे राहिले. अहिंसक सत्याग्रह ख्रिस्ताच्या शिकवणुकीशी जुळतो, असे त्यांनी लिहिले.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९३२ साली ते इंग्लंडला गेले, तेव्हा राजकारणात भाग घेणार नाही असे लिहून दिल्यावरच त्यांना भारतात परत येता आले. ते गोंड आदिवासींत सेवा करू लागले, तेव्हा नागपूरच्या अँग्लिकन बिशपांनी राजनिष्ठेची शपथ मागितली. ती त्यांनी नाकारली आणि धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना त्यांना मिळाला नाही. १९३५ साली त्यांनी आपले चर्च सोडले. अर्थात, हे केवळ राजकारणामुळे घडले असे म्हणता येणार नाही; तोवर त्यांची श्रद्धाही डळमळली होती.

यातून आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट, राजाशी निष्ठा म्हणजे देवाशी निष्ठा नव्हे. साम्राज्याची शपथ मागणाऱ्यांना ते राजकारण वाटत नव्हते; तिला नकार देणे मात्र राजकारण ठरले. सत्ताधाऱ्यांची स्तुती चालते आणि टीका खटकते, असे आपल्याही मनाचे होत नाही ना?

दुसरी गोष्ट, संदेष्टे असेच बोलले. आमोसने गरिबांना नाडणाऱ्यांना खडसावले. योहान बाप्तिस्ताने हेरोद राजाला त्याचे पाप दाखवले व प्राण गमावले (मार्क ६:१७-२९). दोघांनीही स्वतःसाठी काही मागितले नाही.

तिसरी गोष्ट मर्यादेची. आपल्या धर्मसभेच्या कायद्यानुसार (कलम २८५ व २८७) धर्मगुरूंना शासकीय सत्तेची पदे घेण्यास मनाई आहे. पक्षकार्यात सक्रिय भागही सहसा घेता येत नाही. परंतु पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या परिपत्रकात शिकवले, की धर्मसभेने राज्यसंस्थेची जागा घेऊ नये, तरी न्यायाच्या लढ्यात बाजूलाही राहू नये. म्हणजे भुकेल्याची, विस्थापिताची, तुरुंगातल्याची बाजू धर्मगुरूंनी जरूर मांडावी. मत कोणाला द्यावे हे सांगू नये. तो निर्णय व राजकारणातील प्रत्यक्ष काम ही आपणा प्रापंचिकांची जबाबदारी आहे. ती फादरांवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही.

१९७२ साली अँग्लिकन आणि कॅथलिक सिस्टर्सनी मिळून पुण्याचा तो आश्रम पुन्हा जागता केला. एकेकाळी संशयाने पाहिली गेलेली जागा ऐक्याची जागा झाली.

घरी चर्चेसाठी:
१. प्रवचन आवडले नाही, ते चुकीचे होते म्हणून की आपल्याला लागले म्हणून?
२. आपल्या वस्तीत कोणाची बाजू आज कोणीच मांडत नाही?
३. ती आपण कशी मांडू शकतो?